विद्यापीठ चौकाच्या कोणत्या बाजूला राहायचं? पुण्यात भाड्याचं घर शोधतानाचा माझा अनुभव

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कंत्राटी सहायक प्राध्यापक म्हणून माझी नेमणूक झाली ती २०२४ च्या जुलैपासून, अकरा महिन्यांसाठी. अशा नेमणुकीत पगार एकत्रित असतो, घरभाडे भत्ता वेगळा मिळत नाही आणि आवारातल्या निवासस्थानाची आशा धरण्यात अर्थ नसतो. सोबत आई येणार होती. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या वर जायचं नाही हे आधीच ठरलं होतं. वेळही अवघड होती. जून-जुलैत पुण्यात विद्यार्थीही खोल्या शोधत असतात आणि एजंट म्हणतील तो आकडा चालतो.

नांदेडहून नकाशा पाहताना सगळंच जवळ वाटायचं. बाणेर जवळ, पाषाण जवळ, औंध तर लागूनच. पण विद्यापीठाच्या दारातच तो चौक आहे. गणेशखिंड रस्ता, सेनापती बापट रस्ता, पाषाण, बाणेर आणि औंध अशा पाचही बाजूंची वाहतूक तिथे येऊन अडते. चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला आणि हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो व नव्या पुलाचं काम सुरू झालं. मी घर शोधत होते तेव्हाही ते चालूच होतं. म्हणून अंतर किती आहे हे विचारणं मी सोडलं. सकाळी पावणेनऊला निघालं तर तासाला वर्गात उभं राहता येईल का, एवढंच पाहायचं ठरवलं. मैत्रिणीची स्कूटर मागून घेतली आणि जी वस्ती मनात होती तिथून कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी विद्यापीठापर्यंत जाऊन पाहिलं. रविवारी दुपारी घर पाहायला बोलावणारे एजंट हा रस्ता दाखवत नाहीत.

बाणेर पहिल्याच फेरीत बाद झालं. इमारती नव्या आहेत, लिफ्ट आहे, उजेड आहे, पण भाड्यावर देखभाल खर्च वेगळा. उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकर येतात, आणि त्याचा खर्च सोसायटी कसा वाटते हे एजंटला नीट सांगता येत नव्हतं. सकाळी बाणेर रस्त्यावरून चौकात पोहोचणं मला झेपणारं नव्हतं.

पाषाण मात्र मनापासून आवडलं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर ही विज्ञानसंस्था आणि संरक्षण संशोधनाच्या संस्थांमुळे त्या भागाला एक शांतपणा आहे, झाडं मोठी आहेत, जवळच सोमेश्वरवाडीत सोमेश्वराचं देऊळ आहे. आईला तिथे करमलं असतं. पण प्रयोगशाळेच्या आसपास परवडेल असं घर मिळेना, आणि जिथे परवडत होतं ते सूस रस्त्याच्या पार टोकाला.

गोखलेनगर-जनवाडीचं नाव विभागातल्या एका शिपाईमामांनी सुचवलं. १९६१ च्या पानशेत पुरानंतर पूरग्रस्तांना जिथे वसवलं त्यांतला हा भाग. बैठी घरं, अरुंद गल्ल्या, दारात बसून बोलणारी माणसं. भाडं कमी आणि शेजार चांगला, दोन्ही खरं. तिथल्या एका आजींनी पाणी किती वाजता येतं, कधी येत नाही, हे न विचारता सांगितलं. पण रिकामी होती ती घरं एका खोलीची. मला रात्री उत्तरपत्रिका तपासायला आणि वाचायला वेगळा कोपरा हवाच होता.

उरले औंध आणि खडकी-बोपोडी. परिहार चौक, डीपी रस्ता, गावठाणातली भाजी, दवाखाने, औंधात सगळं हाताशी आहे. जुन्या तीन मजली इमारतींतल्या वन बीएचकेला मला वीस ते बावीस हजार सांगितले गेले. माझ्या पगारात ते बसवता आलं असतं, पण मग महिनाअखेरीला हातात काही उरलं नसतं.

आणि औंधात दुसरीही गोष्ट घडली. एका सोसायटीत घर पसंत पडलं, अनामत ठरली, मग सेक्रेटरींनी आडनाव विचारलं. नंतर विचारलं, “घरात नॉनव्हेज होतं का?” होतं, असं मी सांगितलं. संध्याकाळी एजंटचा फोन आला, घर नात्यातल्या कुणाला तरी दिलंय. पुढे कितीतरी दिवस तेच घर जाहिरातीत दिसत होतं. सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठात शिकवायला आलेल्या बाईला त्याच रस्त्यावर आडनावामुळे घर मिळत नाही, याचा मला आजही राग येतो. त्यानंतर मी पहिल्याच फोनवर आडनाव, आई सोबत असणार आणि घरात मटण-मासे होणार, हे तिन्ही सांगायला लागले. ज्यांना चालत नव्हतं त्यांनी तिथेच फोन ठेवला. अपमान कमी झाला नाही, पण माझी सुट्टी आणि रिक्षाचे पैसे वाचले. माझ्यासारख्या मुलींना मी हेच करायला सांगते.

शेवटी घर मिळालं ते बोपोडीत, भाऊ पाटील रस्त्याच्या बाजूला. पहिला मजला, पंधरा हजार भाडं, पंचेचाळीस हजार अनामत. खडकी बाजार जवळ असल्याने धान्य, भांडी, कपडे रास्त भावात मिळतात. गल्लीच्या तोंडाशी गिरणी आहे आणि तिथे ज्वारी दळून मिळते, ही आईच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट. बोपोडीला मेट्रो थांबते. सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की थेट पुणे स्टेशन, म्हणजे गावी जाताना सामान घेऊन रिक्षाशी घासाघीस नाही.

पण निर्णय झाला तो रस्त्यावरून. खडकीच्या बाजूने विद्यापीठात शिरलं की तो चौक लागतच नाही. त्या बाजूचं प्रवेशद्वार किती वाजता उघडतं, कधी बंद होतं, ओळखपत्र लागतं का, हे मी तिथल्या सुरक्षारक्षकांनाच विचारून घेतलं. मग जयकर ग्रंथालयातून रात्री निघून तो रस्ता एकदा मुद्दाम पाहिला. आवारातली झाडी दिवसा जितकी सुंदर, तितकीच काही ठिकाणी अंधारी. दिवे कुठे आहेत, कुठे नाहीत, वर्दळ कितीपर्यंत असते हे पाहिलं. उशीर होईल त्या दिवशी मुख्य दारानेच बाहेर पडायचं, असा नियम स्वतःला घातला. घर दुपारी आवडलं तरी बाईमाणसाने तो रस्ता रात्री पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

पाण्याची चौकशीही एजंटकडे केली नाही. तळमजल्यावरच्या काकूंना विचारलं. त्यांनी नळाची वेळ सांगितलीच, शिवाय मागच्या गॅलरीत पावसात ओल येते हेही सांगितलं. घरमालकांना तसं म्हटल्यावर आम्ही येण्याआधी त्यांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं.

कराराच्या वेळी घरमालक म्हणाले, “नोटरी करू, कशाला खर्च?” मी नम्रपणे पण ठाम नाही म्हटलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे सांगितल्यावर काकांचा विचार बदलला. मुद्रांक शुल्कही फार नसतं. मुदतीतलं एकूण भाडं, त्यात अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि त्यावर पाव टक्का. आमचं सव्वाचारशेच्या आत बसलं. शहरात नोंदणी फी एक हजार. ऑनलाइन नोंदणी करणारा मुलगा अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. हा खर्च आम्ही निम्मा निम्मा केला, एजंटला मात्र महिन्याचं भाडं द्यावंच लागलं.

मसुद्यात सहा महिन्यांचं लॉक-इन होतं, म्हणजे त्याआधी घर सोडता येणार नाही अशी अट. कंत्राटी नोकरीत हे कलम धोक्याचं, कारण नेमणूक मध्येच थांबली तरी भाडं सुरूच राहतं. मी नेमणूकपत्र दाखवलं, तेव्हा लॉक-इन काढून एक महिन्याची पूर्वसूचना एवढीच अट ठेवली. रंगकामाचे पैसे अनामतीतून कापायचे की नाही, हेही तेव्हाच लिहून घेतलं. घरमालकांनी पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरली, त्याची एक प्रत मी या इमारतीच्या सेक्रेटरींना दिली आणि आईला आणायला नांदेडला गेले.