तीसपैकी सात

आमचं बार्शीत झेरॉक्सचं दुकान आहे. परीक्षेच्या आधी महिनाभर तिथे सगळ्यात जास्त काय खपत असेल, तर डिप्लोमाच्या परीक्षा घेणाऱ्या बोर्डाच्या, म्हणजे एमएसबीटीईच्या, मॉडेल आन्सर पेपरच्या प्रिंटा. उन्हाळी परीक्षा, हिवाळी परीक्षा, मागच्या चार-पाच वर्षांचे पेपर उत्तरांसकट बोर्डाच्या वेबसाइटवर असतात. पॉलिटेक्निकची पोरं पेनड्राइव्ह घेऊन यायची आणि सांगायची, "काका, पहिलं पान नको." पहिल्या पानावर परीक्षकांसाठी सूचना असतात. ते वगळलं की एका पानाचे पैसे वाचतात.

मी पण त्यातलीच, फक्त मला प्रिंट फुकट. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा मी ९१ टक्क्यांनी पास झाले तो त्या प्रिंटांच्या जिवावर. लबाडी केली असं नाही, मन लावून पाठ केलं. प्रश्न फिरून फिरून तेच यायचे, आणि तीन-चार वर्षांची उत्तरं हाताखालून गेली की पेपरात काय लिहायचं हे हातालाच माहीत असायचं.

मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला पुण्यात ॲडमिशन. इ अँड टीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा २०१९ पॅटर्न, म्हणजे तेव्हाचा अभ्यासक्रम. आम्हा डिप्लोमावाल्यांच्या फेऱ्या उशिरा संपतात, त्यामुळे मी वर्गात गेले तेव्हा कॉलेज सुरू होऊन महिना उलटून गेला होता. पहिल्याच दिवशी फळ्यावर एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर, चालू होतं. मागच्या बाकावरच्या एकीनं वही दिली आणि म्हणाली, "पहिलं युनिट संपलंय, दुसरं संपत आलंय. इनसेम याच दोनवर आहे."

आमच्या पॅटर्नला इनसेम म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, एक तास, तीस मार्क. प्रश्न एक किंवा दोन सोडवायचा, आणि तीन किंवा चार. मी सवयीप्रमाणे अप्पा बळवंत चौकात जाऊन सोडवलेल्या पेपरांचं पुस्तक आणलं आणि दहा दिवसांत जमेल तेवढं पाठ केलं.

तीसपैकी सात.

घरी फोनवर मी "बरे गेलेत" एवढंच सांगितलं. दुकानात गर्दी असावी, पप्पांनी जास्त विचारलं नाही.

सात मार्कांपेक्षा मला झोंबला तो त्यातला एक प्रश्न. इंडक्टर आणि कपॅसिटर जोडलेत, सोर्स साइन वेव्हचा आहे, कपॅसिटरवरचा चार्ज काढा. मी तीन वर्षं इंडक्टर-कपॅसिटर हातात खेळवले होते, सोल्डर केले होते, जळालेले वासावरून ओळखायचे. आणि त्या सर्किटचं समीकरण मला मांडता आलं नव्हतं, कारण पुस्तकातल्या गणितात डेरिव्हेटिव्हची खूण म्हणून 'डी' दिसायचा आणि या प्रश्नात 'डी' कुठेच नव्हता. त्या प्रश्नाखाली मी फक्त 'दिलेले' लिहून खाली आकडे उतरवले होते.

रूमवर आम्ही तिघी. त्यातली एक माझ्याच वर्गातली, बारावीनंतर आलेली, एफई म्हणजे पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेली. तिच्यासमोर पेपर टाकला. तिने मला साधं गणित दिलं: डी स्क्वेअर अधिक चार, उजवीकडे साइन टू एक्स. मी धडाधड सोडवलं. डी स्क्वेअरच्या जागी उणे चार, खाली शून्य आलं, म्हणजे 'केस ऑफ फेल्युअर'. एक्सने गुणायचं, खालच्याचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, इंटिग्रेट करायचं. उत्तर उणे एक्स कॉस टू एक्स भागिले चार. बरोबर आलं.

"एक्स का आला?" तिने विचारलं.

"केस ऑफ फेल्युअर आहे म्हणून."

"ते नाव झालं गं. एक्स का?"

मला माहीत नव्हतं. खरं म्हणजे तिलाही नीट सांगता येईना. पण प्रश्न पडला होता, आणि असला प्रश्न डिप्लोमाच्या तीन वर्षांत मला एकदाही पडला नव्हता याचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी गणिताच्या मॅडमना गाठलं. त्या स्टाफ रूमच्या दारातच उभ्या होत्या, हातात डबा. त्या म्हणाल्या, उजवी बाजू शून्य असतानाचं उत्तर काय येतं बघ. कॉस टू एक्स आणि साइन टू एक्स. म्हणजे ती सिस्टिम स्वतःहून ज्या वेगाने डोलते, त्याच वेगाने तू तिला बाहेरून ढकलते आहेस. झोक्याला बरोबर त्याच्या तालात धक्का दिला तर काय होतं? झोका दर फेरीला वर चढतो. तो चढ म्हणजे तो एक्स. "तुमच्या सर्किटमध्ये याला काय म्हणतात?"

रेझोनन्स. अहो, रेझोनन्स मी डिप्लोमाला प्रॅक्टिकलमध्ये काढला होता! फंक्शन जनरेटरची फ्रिक्वेन्सी फिरवत, रीडिंग घेत, ग्राफ पेपरवर टोक काढून ओरलला पैकीच्या पैकी मिळवले होते. तिथे रेझिस्टन्स असतो म्हणून चढ एका उंचीवर थांबतो, इथे रेझिस्टन्स नाही म्हणून वाढतच जातो, हेही मग आपोआप कळलं. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी दोन वेगळ्या विषयांच्या फायलींत होत्या आणि त्यांची कधी भेटच झाली नव्हती.

त्या दिवसानंतर सगळं सोपं झालं असं वाटत असेल तर नाही झालं. उलट आता किती काय येत नाही ते दिसायला लागलं. चौथं-पाचवं युनिट व्हेक्टर कॅल्क्युलसचं. त्याला पार्शल डिफरन्सिएशन आणि डबल इंटिग्रल लागतात, ते पहिल्या वर्षाच्या एम-वन आणि एम-टूमध्ये होऊन जातं, आणि आम्ही डिप्लोमावाले ते वर्ष उडी मारून आलेलो. वर्गात ग्रेडियंट चालू असताना मला पार्शल डेरिव्हेटिव्हचा तो वाकडा डी कसा वाचायचा हेही माहीत नव्हतं.

इथे रूम पार्टनरशी सौदा झाला. तिला गणित यायचं, पण सर्किट जोडायचा ब्रेडबोर्ड दिसला की तिला घाम फुटायचा. ग्राउंडच जोडलेलं नाही आणि ही सीआरओ, म्हणजे पडद्यावर वेव्ह दाखवणारं यंत्र, बिघडलाय म्हणून सांगणार. डिजिटल सर्किट्स तर माझं डिप्लोमात होऊन गेलेलं, के-मॅप, फ्लिप-फ्लॉप सगळं. मग रोज रात्री जेवणानंतर पाऊण तास ती मला एफईचं गणित शिकवणार आणि लॅबच्या आदल्या दिवशी मी तिला कनेक्शन शिकवणार. आधी मीच तिची जोडून द्यायचे. मग म्हटलं, असं नको, तू जोड, मी चुका दाखवते. असा सल्ला दुसऱ्याला द्यायला सोपा जातो.

स्वतःच्या बाबतीत तोच नियम पाळताना जीव जात होता. सोडवलेलं गणित वाचलं की सगळं कळल्यासारखं वाटतं. ओळीखालून ओळ जाते, मान डोलते. म्हणून मी पुस्तक तिच्या कपाटात ठेवायला दिलं. संध्याकाळी फक्त प्रश्न एका कागदावर उतरवून घ्यायचे, अभ्यासिकेत जायचं, आणि तिथे कोऱ्या पानासमोर बसायचं. पहिले काही दिवस दोन तासांत दोन गणितं व्हायची, त्यातलं एक चुकीचं. शेजारी एमपीएससीची मुलं बसायची, त्यांची पानं भराभर उलटायची आणि माझं एकच पान समोर. अडलं की उठून जाऊन उत्तर बघावं असं फार वाटायचं. किमान वीस मिनिटं बघायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. कधी पाळलं, कधी नाही.

अजून एक हिशेब उशिरा कळला. एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची दहापैकी सरासरी, क्रेडिटवर चालतो. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन. आम्हाला थिअरीला तीन क्रेडिट होते, लॅबला एक. मी मात्र जर्नल सुबक करण्यात रात्री घालवत होते, रंगीत पेनांनी आकृत्या आणि समास. डिप्लोमातली सवय. जर्नल पूर्ण हवं, पण त्याच्यापायी एम-थ्रीचा वेळ घालवणं म्हणजे चिंधीसाठी साडी फाडण्यासारखं होतं.

एंडसेम, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटची परीक्षा, सत्तर मार्कांची, उरलेल्या चार युनिटांवर. पेपर हातात आला तेव्हा ओळखीचं एकही गणित दिसेना, आणि गंमत म्हणजे त्याने पूर्वीसारखं पोटात गोळा आला नाही. एकेचाळीस पडले. सात आणि एकेचाळीस, अठ्ठेचाळीस, ग्रेड सी. डिप्लोमाच्या ९१ टक्क्यांपुढे सी म्हणजे काय, पण तो मार्कलिस्टमधला मला सगळ्यात प्रिय ग्रेड आहे. त्या सेमचा एसजीपीए ६.९. पुढच्या सेमला सिग्नल्स अँड सिस्टिम्स होतं, त्यात एम-थ्रीतला फुरिये ट्रान्सफॉर्म पुन्हा भेटला आणि अर्धा वर्ग कण्हत असताना मला तो ओळखीचा वाटला. ८.४ आला. तिसऱ्या वर्षाला मग नऊच्या आसपास राहिले.

दिवाळीत घरी गेले तेव्हा दुकानात बसले होते. पॉलिटेक्निकचा एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला. "ताई, पहिलं पान नको." मी मशीनवर हात ठेवून ते पहिलं पान जन्मात पहिल्यांदा वाचलं. पहिलीच सूचना अशी की मॉडेल आन्सरशी शब्दाला शब्द जुळवू नका, महत्त्वाचे शब्द बघून उत्तर तपासा. मी त्याला म्हटलं, नुसत्या प्रश्नपत्रिकेची पण एक प्रत घेऊन जा, उत्तरांची प्रिंट दोन दिवसांनी ने.

तो पप्पांकडे बघायला लागला. पप्पा म्हणाले, "दे बाबा त्याला दोन्ही आत्ताच. गिऱ्हाईक घालवू नकोस."