वाइटाला ‘अभाव’ म्हटलं की कुठे चुकतं

ग्रीक आणि लॅटिन परंपरेतला एक मोठा विचार मराठीत बहुतेकदा एका ओळीत उरकला जातो: ‘वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव.’ त्यावर वाचक लगेच विचारतो, मग ठणकणारा दात हा कशाचा अभाव? विषारी साप म्हणजे काहीच नाही का? प्रश्न रास्त आहेत. पण ज्या मताला ते विचारले जातात ते ना ऑगस्टीनचं (354–430), ना थॉमस अक्वायनसचं (1225–1274), म्हणजे ज्या दोन ख्रिस्ती तत्त्वज्ञांच्या नावावर ते खपतं त्यांचं. घोटाळा ‘अभाव’ या शब्दापाशीच सुरू होतो.

हा शब्द आपल्याकडे न्याय आणि वैशेषिक या दर्शनांच्या पंडितांनी घासून-पुसून वापरलेला आहे. ‘जमिनीवर घट नाही’ म्हणताना घट हा प्रतियोगी आणि जमीन अनुयोगी. म्हणजे कशाचा अभाव आणि कुठे, एवढं सांगितलं की विधान पुरं होतं. काळाच्या हिशोबाने बघायचं तर तान्ह्या बाळाच्या दातांचा प्रागभाव (अजून आलेले नाहीत), म्हाताऱ्याच्या पडलेल्या दातांचा प्रध्वंसाभाव (होते, गेले) आणि दगडाला दृष्टी नाही हा अत्यंताभाव (कधीच नाही). आता जन्मांध माणूस घ्या. त्याला दृष्टी कधी नव्हती आणि येणारही नाही, म्हणजे या मांडणीत तो दगडाच्या रांगेत जाऊन बसतो. लॅटिन लेखकांना नेमकं हेच नको आहे. ते तिसरा प्रश्न विचारतात: तिथे ती गोष्ट असायला हवी होती का? हवी असून नसेल तर त्याला ते ‘प्रिवात्सिओ’ म्हणतात, आणि वाईट म्हणजे हेच. नुसतंच नसेल तर ‘नेगात्सिओ’. दगडाचं न दिसणं दुसऱ्या खात्यात, माणसाचं पहिल्या.

हा भेद मुळात ॲरिस्टॉटलचा. दात नसलेल्या प्रत्येकाला दंतहीन म्हणू नये, ज्याला ज्या वयात ते निसर्गतः असायला हवेत त्यालाच म्हणावं, असं तो म्हणतो. (मराठीत ‘बोळकं’ बाळाचंही असतं आणि आजोबांचंही. त्याला हा शब्द चालला नसता.) अक्वायनस हेच पुढे नेतो. नसणं सरसकट वाईट मानलं तर प्रत्येक वस्तू वाईट ठरेल, कारण माणसात सिंहाचं बळ नाही आणि हरणाचा वेग नाही. म्हणून भाषांतर करताना ‘अभाव’ टाळून ‘उणीव’ किंवा ‘वैगुण्य’ घ्यावं, असं माझं मत आहे. ‘माणसात शिंगांची उणीव आहे’ असं कोणी म्हणत नाही. ‘असायला हवं होतं’ हा भाग त्या शब्दातच मुरलेला आहे.

एखाद्या उदाहरणाला हे मत लावायचं तर क्रम चुकवून चालत नाही. आधी वस्तू ठरवायची. मग ती धड असते तेव्हा कशी असते ते सांगायचं, मग काय कमी पडलंय ते, आणि शेवटी ते कशामुळे कमी पडलं. बहुतेक जण पहिली पायरी गाळतात आणि थेट ‘विष वाईट की चांगलं?’ असं विचारतात. कोणाचं वाईट, हे ठरलेलंच नसतं. चांगलं आणि वाईट अशी दोन मूळ तत्त्वं मानणाऱ्या मानी पंथीयांशी वाद घालताना ऑगस्टीन विंचवाच्या विषाचं उदाहरण घेतो. विष हाच जर मूर्तिमंत दुष्टपणा असेल तर त्याने आधी विंचूच मरायला हवा. उलट ते विष त्याला मानवतं. वाईट आहे ते दंश झालेल्या शरीराची घडी मोडण्यात. आगीबद्दल मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न सिना (980–1037) हेच म्हणतो. जाळणं हे आगीचं धडपण आहे, तिचा दोष नाही. भाजलेल्या माणसाच्या बाजूने पाहिलं की उणीव दिसते.

इथवर यायला परंपरेला बराच वेळ लागला, आणि मधला एक टप्पा फसलेला आहे. प्लेटोच्या परंपरेतला प्लोटिनस (सुमारे 205–270) वाइटाचं मूळ जडद्रव्यात शोधतो. आकार, मर्यादा, गुण यांपैकी काहीच नसलेलं ते नुसतं द्रव्य, आणि तेच वाईट. पण त्याच्या मते सगळं काही त्या एका परम-शुभापासून पाझरतं. मग द्रव्यही तिथूनच आलं असणार. त्याच परंपरेतल्या प्रोक्लसने (412–485) ही अडचण बरोबर पकडली: एक तर शुभच वाइटाचं कारण ठरतं, नाही तर दोन मूळ तत्त्वं मानावी लागतात. त्याची स्वतःची वाट वेगळी आहे. वाइटाला स्वतंत्र अस्तित्व नाही, चांगल्याच्या आधाराने मिळालेलं पडछायेसारखं अस्तित्व आहे. ग्रीक शब्द ‘पारहिपोस्टासिस’. बांडगुळाची उपमा इथे हटकून सुचते, पण ती घेऊ नये, कारण बांडगुळाला स्वतःचं बी असतं. अक्वायनसचं लंगडण्याचं उदाहरण जास्त नेमकं आहे. लंगडण्यात जी काही हालचाल आहे ती चालण्याच्या शक्तीतूनच येते; वाकडेपणा तेवढा पायाच्या व्यंगातून येतो. चालण्याची शक्तीच गेली तर लंगडणंही थांबतं.

प्रोक्लस ख्रिस्ती नव्हता. तरी त्याचा हा युक्तिवाद मध्ययुगभर धर्मग्रंथाच्या खालोखाल मानाने वाचला गेला. याचं कारण एक तोतया. इसवी सन 500 च्या सुमारास कोणीतरी प्रोक्लसचा मजकूर उचलून संत पॉलचा अथेन्समधला शिष्य डायोनिसियस याच्या नावाने ‘ईश्वरी नामे’ हा ग्रंथ लिहिला. चौथ्या प्रकरणातला वाइटावरचा लांबलचक भाग प्रोक्लसवरून घेतला आहे, हे ह्यूगो कोख आणि योझेफ श्टिग्लमायर यांनी 1895 मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिलं. मध्ययुगभर मात्र ते शब्द प्रेषित पॉलच्या शिष्याचे समजले जात होते.

त्याच चौथ्या प्रकरणात सौंदर्यही आहे, आणि हा योगायोग नाही. ग्रीक ‘कालोन’ शब्दाला सुंदर आणि उदात्त हे दोन्ही अर्थ चिकटलेले आहेत. मराठीत ‘सुंदर’ लिहिलं की निम्मा अर्थ गळतो. त्यापेक्षा ‘शोभणं’ जवळचं. दागिना शोभतो, आणि ‘हे वागणं तुला शोभत नाही’ असंही आपण म्हणतो. प्लेटोच्या नावावरच्या ‘थोरला हिप्पियास’ या संवादात सौंदर्याची एक व्याख्या अशीच ‘शोभणारं ते सुंदर’ म्हणून तपासली आहे. सोन्याची पळी सुंदर की अंजिराच्या लाकडाची? मातीच्या भांड्यातलं शिजतं कालवण ढवळायला लाकडाचीच शोभते. तिने कालवणाला वास चांगला येतो आणि भांडं फुटत नाही. मग सोनं लाकडापेक्षा सुंदर हे विधान कोसळतं. पण पुढे सॉक्रेटिस हीही व्याख्या उखडतो. शोभण्याने वस्तू सुंदर होते की नुसती दिसते? समोरचा हिप्पियास ‘दिसते’ म्हणतो, आणि व्याख्या तिथेच पडते.

सौंदर्य म्हणजे अंगांची प्रमाणबद्धता, ही स्टोइक पंथाच्या ग्रीक तत्त्वज्ञांनी उचलून धरलेली समजूत प्लोटिनसने खोडून काढली, आणि इथे तो फार धारदार आहे. प्रमाण लागतं तिथे भाग लागतात. मग सूर्यप्रकाश, सोनं, रात्रीची वीज यांत भाग कुठले? शिवाय तोच चेहरा, तीच प्रमाणं, पण एकदा सुंदर दिसतो आणि एकदा नाही. आणि दोन वाईट मतंही एकमेकांशी छान जुळू शकतात, म्हणून ती सुंदर होत नाहीत.

अक्वायनस दोन्ही बाजू ठेवतो. सौंदर्याला तो तीन गोष्टी लावतो: इंटेग्रितास म्हणजे अभंगपणा, प्रमाण, आणि क्लारितास म्हणजे तेज. शेवटच्या दोन सरळ डायोनिसियसकडून येतात. पहिल्या गोष्टीला तो एकच कारण देतो: ज्यात काही तुटलं-उणं आहे ते तेवढ्यानेच कुरूप. म्हणजे वाइटाची व्याख्याच सौंदर्याच्या दारातून पुन्हा आत आली. ‘इंटेग्रितास’चं ‘पूर्णता’ असं भाषांतर केलं की विद्यार्थी तिचा अर्थ भव्यता असा घेतात. चिमणी अभंग असू शकते, पंख तुटलेला गरुड नाही. चांगलं आणि सुंदर या त्याच्या लेखी वस्तू म्हणून एकच. फरक एवढाच की चांगलं मिळालं की इच्छा निवते आणि सुंदर नुसतं पाहूनच निवते.

नैतिक वाइटाला हे सगळं कसं लावायचं? अक्वायनस सुताराचं उदाहरण देतो. लाकूड सरळ कापायचं तर पट्टी लावावी लागते. सुताराच्या हातात सतत पट्टी नसते, आणि नसणं हा दोष नाही. पट्टी न लावता तो कापायला घेतो तेव्हा दोष घडतो. चोरी करणाऱ्याला हवा असलेला पैसा ही वस्तू म्हणून चांगलीच. नियमाशी न ताडता हात पुढे जातो, तिथे उणीव शिरते. पट्टी का लावली नाही याचं आणखी मागचं कारण तो शोधत नाही. इच्छेचं स्वातंत्र्य एवढंच कारण त्याला पुरतं. ऑगस्टीन तर म्हणतो, दुष्ट इच्छेचं कर्तृ-कारण, म्हणजे ती घडवणारं कारण, शोधणं म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहायला जाणं. मला ही पळवाट वाटत नाही, पण इथे स्पष्टीकरण थांबतं हे कबूल करायला हवं.

आणखी एक गल्लत नेहमीची: हे मत म्हणजे ‘देव वाईट का घडू देतो’ याचं उत्तर, असं धरून चालणं. वाईट काय जातीचं आहे एवढंच ते सांगतं. ते का आहे, हा प्रश्न वेगळा आहे.

राहिला ठणकणारा दात. ऑगस्टीनचं उत्तर आहे की वेदना हीच मुळी शिल्लक राहिलेल्या चांगल्याची साक्ष. काहीच धड उरलं नसतं तर गेलेल्याचं दुःख कोणाला झालं असतं? दुखणं म्हणजे शरीराचं बिघाडाला विरोध करणं. शोकाला हे उत्तर चपखल बसतं. दाताला अर्धंच. कीड ही दाताची उणीव, हे मान्य. ती कळवणारी कळ ही मज्जातंतूंची धड चाललेली क्रिया, हेही मान्य. तेवढ्यापुरती ती अक्वायनसच्या हिशोबात चांगल्या बाजूलाच जाते. पण दात काढून टाकल्यावर, कळवण्यासारखं काही उरलेलं नसतानाही कळ चालूच राहिली, तर ती कुठल्या खात्यात टाकायची? तिथे संवेदनेच्या यंत्रणेतच उणीव आहे असं म्हणावं लागतं. ते म्हणता येतं. फक्त ज्याला कळ येतेय त्याला जे जाणवतं, त्यातलं काहीच ‘उणीव’ या शब्दात पकडलं जात नाही.