ए-लेव्हलचे समाजशास्त्र आणि ३० गुणांचा निबंध

इंग्लंडमधली सोळाव्या वर्षीची जीसीएसई परीक्षा संपल्यावर सिक्स्थ फॉर्मसाठी, म्हणजे ए-लेव्हलच्या पुढच्या दोन वर्षांसाठी, मी गणित आणि इतिहासाच्या जोडीला समाजशास्त्र घेतले, तेव्हा घरी येणाऱ्या मराठी मंडळींनी "याला पुढे स्कोप काय?" असे अनेकदा विचारले. विषय घेण्याचे माझे कारण आमच्या गावातच होते. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाउमध्ये प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या ग्रामर शाळा आजही आहेत आणि आमच्या ओळखीच्या घरांत त्या परीक्षेची शिकवणी मूल नऊ वर्षांचे असतानाच लावली जाते. ज्या घराला ती फी परवडत नाही, तिथल्या मुलाची हुशारी ही परीक्षा कशी मोजणार, हे मला समजून घ्यायचे होते.

आमचा अभ्यासक्रम एक्यूए या परीक्षा मंडळाचा होता. दोन वर्षांच्या अखेरीस तीन पेपर, प्रत्येक दोन तासांचा आणि ८० गुणांचा. प्रकल्पाला गुण नाहीत.

सिद्धांत लक्षात ठेवणे जड गेले नाही. शाळा गुणवत्तेनुसार मुलांना समाजातल्या जागा वाटून देते, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पार्सन्स यांचे म्हणणे. शाळेतली शिस्त मुलांना भांडवलशाहीतल्या नोकरीसाठी घडवते, हे मार्क्सवादी अभ्यासक बोल्स आणि गिंटिस यांचे १९७६ मधले उत्तर. खरा कस लागला तो ३० गुणांच्या निबंधात. त्यातले १२ गुण ज्ञानाला, ९ उपयोजनाला आणि ९ विश्लेषण-मूल्यमापनाला असतात. म्हणजे पाठांतर कितीही चोख असले तरी निम्म्याहून अधिक गुण त्याच्या पलीकडे राहतात. आमच्या शिक्षिका प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलीने एकच प्रश्न लिहीत: "मग यावरून काय ठरते?"

त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी पॉल विलिस यांच्या संशोधनावरून शिकले. त्यांनी इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका औद्योगिक गावातील कामगारवर्गीय १२ मुलांचा शाळेत आणि शाळेबाहेर जवळून अभ्यास केला आणि १९७७ मध्ये निष्कर्ष मांडले. ही मुले शाळेचे मुकाट्याने ऐकत नव्हती. शिक्षकांची आणि अभ्यासू मुलांची ती खिल्ली उडवत, आणि हाच विरोध त्यांना शेवटी वडिलांसारख्या अंगमेहनतीच्या कामाकडे घेऊन जात होता. एका अभ्यासात बोल्स-गिंटिस यांना आधारही मिळतो आणि त्यांच्या आज्ञाधारक विद्यार्थ्याच्या चित्राला छेदही जातो, हे लक्षात आल्यावर मूल्यमापन हे निबंधाच्या शेवटी जोडायचे कलम राहिले नाही. बारा मुलगे, एकही मुलगी नाही, ही मर्यादाही तिथेच मांडता येते. पुढे प्रत्येक संशोधनासाठी मी एक कार्ड केले: कोणाचा अभ्यास, कोणत्या पद्धतीने, आणि त्यावरून काय म्हणता येत नाही. हा शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी पडला.

पहिल्या पेपरात २० गुणांचा आणखी एक प्रश्न असतो, ज्यात दिलेली संशोधनपद्धती शिक्षणातल्या एखाद्या प्रश्नासाठी कितपत योग्य आहे ते तपासायचे असते. मला हा भाग मनापासून आवडला, कारण इथे आमचे गाव उपयोगी आले. पालकांना घरी प्रश्नावली पाठवली, तर ती भरून कोण परत करील? बहुधा ज्यांना इंग्रजी सहज वाचता येते आणि ज्यांचे शाळेशी आधीपासून जमते तेच. आणि ज्यांच्याविषयी जाणून घ्यायचे, ते पालक नमुन्यातून निसटतात. पंजाबी, उर्दू, पोलिश बोलणाऱ्या घरांतल्या वर्गमैत्रिणींमुळे ही अडचण मला पुस्तकाआधीच ठाऊक होती. तरीही स्वतःचे घर हा पुरावा नव्हे. त्यातून प्रश्न सुचतो, उत्तर संशोधनातूनच द्यावे लागते.

अखेरच्या महिन्यांत घड्याळ लावून लिहिण्याचा सराव केला. गुणामागे दीड मिनिट या हिशेबाने मोठ्या निबंधाला ४५ मिनिटे मिळतात. तिसऱ्या पेपरासाठी मी सर्वाधिक वेळा लिहिलेला निबंध गुन्ह्यांच्या सरकारी आकडेवारीवरचा होता. ही आकडेवारी गुन्हेगारांइतकीच पोलिसांच्या निर्णयांविषयी बोलते, ही लेबलिंग सिद्धांताची (गुन्हेगार हा शिक्का समाज आणि पोलीस मारतात, असे मानणाऱ्या मताची) बाजू मला पटते. पण गरीब वस्त्यांना गुन्ह्याची झळ खरोखरच अधिक बसते, हा ली आणि यंग या समाजशास्त्रज्ञांचा आक्षेप बाजूला सारता येत नाही. म्हणून माझा निष्कर्ष असा होता की ही आकडेवारी टाकून देऊ नये, पीडितांच्या सर्वेक्षणाशेजारी ठेवून वाचावी.