खुर्चीपट, अपडेट ६: भूत गेलं एकदाचं

मंडळी, भूत गेलं! मंत्रीसाहेबांच्या कानाला चिकटून जो दुसरा पुसट कान दिसायचा ना, तो आधीच गेला होता, आणि त्यांच्या मागची पुसट भिंतही काल रात्री फ्रेममधून गायब झाली. तीनदा झूम करून बघितलं, नाहीच.

तीन आठवडे गेले यात. १० फुटी खुर्चीचा शॉट मला कंपोझिटिंगने (वेगवेगळे शॉट संगणकावर जोडून) करायचाच नव्हता, १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या मूक सिनेमासाठी यूजेन शुफ्तानने जी आरशाची पद्धत वापरली तीच हवी होती, कारण वरचे आणि खालचे एकाच फ्रेममध्ये खरोखर असल्याशिवाय उंची खात्याचा (आपल्या सिनेमातलं सरकारी खातं: दर्जा वरचा त्याची खुर्ची उंच, खालच्यांनी इंचभर वाढीसाठीही अर्ज करायचा) विनोद बसतच नाही असं माझं ठाम मत आहे. म्हणजे कॅमेऱ्यासमोर १:८ ची मिनिएचर खुर्ची, पाय १५ इंच, मधे ४५ अंशात आरसा, आणि साहेब खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला साध्या खुर्चीत. आरशाचा काही भाग खरवडून पारदर्शक करायचा, त्यातून मॉडेल दिसतं आणि उरलेल्या भागात साहेबांचं प्रतिबिंब. मॉडेल लेन्सपासून १ मीटरवर, म्हणून साहेब आरशामार्गे ८ मीटरवर. दोघंही फोकसमध्ये हवेत तर २४ एमएमच्या लेन्सला एफ १६ शिवाय (म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक केल्याशिवाय) पर्याय नाही, म्हणजे एफ ४ च्या १६ पट उजेड! सगळे दिवे साहेबांवर लावले.

आणि तिथेच घोळ झाला. साध्या आरशाची चांदी असते मागच्या बाजूला, पण पुढची काचही सुमारे ४ टक्के उजेड परत फेकते, म्हणून एक ठळक साहेब आणि शेजारी एक पुसट साहेब. वर मी मागचा रंग, तांबं, चांदी असं सगळं खरवडून जो पारदर्शक भाग केला होता तोही शेवटी काचच, त्यातही साहेबांच्या मागची भिंत हलकीशी दिसत होती. काळं कापड लावलं, दिवे फिरवले, अॅक्रिलिकचा आरसा आणला (नका आणू, जरासा वाकला तरी चेहरा लांबतो). मग फ्रंट सरफेस आरसा (चांदी काचेच्या पुढच्या बाजूला असलेला) मागवला तर विकणाऱ्याने तेच नाव सांगून साधाच पाठवला. ओळखायचं सोपं आहे, पेन्सिलीचं टोक आरशाला टेकवा, टोक आणि प्रतिबिंब भिडलं तर खरा, मधे फट दिसली तर साधा. माझ्यात चांगली ३ मिलिमीटर फट होती. दुसऱ्याकडून मागवला तो खरा निघाला, कान एक झाला, पण पारदर्शक भागातलं भूत तसंच.

परवा पहाटे डोक्यात आलं की खरवडायचंच कशाला? आरसा हवा तेवढाच ठेवायचा, बाकी काचच नको! मिनिएचर खुर्चीची पाठ कपाटाएवढी रुंद केली आणि फक्त तेवढ्या चौकोनाचा आरसा काच कापायच्या हिरकणीने कापून एका सळीवर उभा केला. पहिला तुकडा अरुंद आला, कारण ४५ अंशात रुंदी १.४१ पट धरावी लागते हे विसरले, दुसरा ८ बाय ८ सेंटिमीटरचा बरोब्बर बसला. आरसा लेन्सपासून ४० सेंटिमीटरवर असल्याने त्याची कड आपोआप मऊ होते आणि पाठीच्या चौकटीत विरून जाते. साहेब वर बसून सूप पितायत, खाली त्यांच्या खुर्चीच्या पायाशी मॉडेलमधला शिपाई मान वर करून उभा, आणि सूपचा चमचा हलला की पाठीवरची सावलीही हलते, हे मॉनिटरवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवत होते.

आणि खुर्चीच्या पाठीचा नियम आता स्क्रिप्टमध्येच गेलाय: जितका दर्जा वरचा तितकी पाठ रुंद, म्हणजे मागे कोण उभं आहे ते दिसायलाच नको.

आता राहिलं उलटं अक्षर. आरशातून आल्यामुळे साहेबांच्या हातातला हुकूम उलटा वाचला जातो. आधी उलटं प्रिंट करून सरळ दाखवायचं ठरवलं होतं, आत्ता हे टाइप करताना वाटतंय की कशाला, राहू दे उलटंच! वरच्यांची सरकारी लिपीच उलटी, आणि खालच्यांनी ती वाचायला स्वतःच्या पैशाने आरसा घ्यायचा, आरशालाही परवाना लागणार, आणि परवान्याचा अर्ज उलट्या लिपीत. प्रसंग ९ सगळा नव्याने लिहावा लागेल, अर्जाच्या रांगेचाही. पण मग १ इंच वाढीचा अर्ज शेवटी मंजूर झालेला असतो आणि अर्ज करणाऱ्या म्हातारीला तो वाचताच येत नाही, हा शेवट आधीच्यापेक्षा कितीतरी चांगला आहे.

तर रविवारचं रांगेचं शूट पुढे ढकललंय. खालच्या ४० बाहुल्यांच्या हातात आता अर्जांबरोबर आरसेही द्यायचेत, आणि १:८ ला हातआरसा म्हणजे जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा. फ्रंट सरफेसची उरलेली पट्टी आहे, त्यातून किती निघतात ते आज रात्री कापून बघते.