सिद्ध कोणी करायचे?

मानवी अंतराळ मोहिमांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की चर्चा चाचण्या आणि प्रमाणपत्रांभोवती फिरते. मला त्याआधीचा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. कोणी शंका घेतली, तर पुरावा कोणी द्यायचा: उड्डाण सुरक्षित आहे असे म्हणणाऱ्याने, की ‘थांबा’ म्हणणाऱ्याने?

१६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेच्या नासा या संस्थेचे कोलंबिया अंतराळयान झेपावल्यानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. दुसऱ्याच दिवशी चित्रफितीत हे लक्षात आले. नेमकी किती हानी झाली हे कळावे म्हणून कक्षेतील यानाची छायाचित्रे लष्करी यंत्रणेकडून घ्यावीत, असा प्रयत्न अभियंत्यांनी वेगवेगळ्या मार्गांनी तीनदा केला. छायाचित्रे एकदाही घेतली गेली नाहीत. धोका आहे हे दाखवायला छायाचित्रे हवी होती आणि छायाचित्रे मिळवायला आधी धोका दाखवून द्यावा लागत होता. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान टेक्ससच्या आकाशात विखुरले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

पुढे जुलैमध्ये, जेमतेम पाऊण किलोचा तसाच फोमचा तुकडा वायूच्या दाबावर चालणाऱ्या तोफेतून पंखाच्या पुढच्या कडेच्या कार्बन पट्टीवर डागण्यात आला, तेव्हा तिला सुमारे ४० सेंटिमीटरचे भगदाड पडले. हलका फोम काय करणार, ही समजूत तिथेच संपली. फोम आधीच्या उड्डाणांतही निखळत असे. अंतराळयाने सुखरूप परतत राहिल्यामुळे तो दुरुस्ती-देखभालीचा किरकोळ भाग मानला जाऊ लागला होता. अंतराळस्थानकाच्या कामासाठी १९ फेब्रुवारी २००४ ही तारीख ठरलेली होती आणि तिच्यापर्यंतचे दिवस, तास, मिनिटे नि सेकंद मोजणारा स्क्रीनसेव्हर व्यवस्थापकांना पाठवण्यात आला होता, हे चौकशी अहवालात वाचताना मला फार अस्वस्थ वाटले. या अपघाताला फोमइतकीच नासाची कार्यसंस्कृतीही जबाबदार असल्याचे अपघाताची चौकशी करणाऱ्या गेहमन मंडळाने स्पष्ट नोंदवले.

त्याआधी सतरा वर्षे, १९८६ मध्ये, नासाच्याच चॅलेंजर यानाच्या अपघाताच्या वेळीही हेच घडले होते. कडाक्याच्या थंडीत बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या, सांध्यांतील रबरी कड्या नीट बसणार नाहीत, म्हणून उड्डाण करू नये, असे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितले होते. वरिष्ठांनी तो सल्ला फिरवला. त्याच कंपनीच्या ॲलन मॅकडोनाल्ड यांनी संमतिपत्रावर सही करण्यास नकार दिला, तेव्हा दुसऱ्याने सही केली.

आपल्या गगनयानाकडे, म्हणजे इस्रोच्या मानवी अंतराळ मोहिमेकडे, मी याच नजरेने पाहतो. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्यातील पहिल्या चाचणी उड्डाणात प्रक्षेपणाला पाच सेकंद उरले असताना संगणकाने आपणहून मोजणी थांबवली. कारण शोधून त्याच सकाळी चाचणी यशस्वी झाली. संगणकाला तारखेची घाई नसते. माणसाला तितक्याच निर्भयपणे थांबवता यावे, यासाठी वेळापत्रक आणि अंदाजपत्रक ज्यांच्या हाती आहे त्यांच्यापासून स्वतंत्र असा तांत्रिक अधिकार असावा, अशी शिफारस गेहमन मंडळाने केली होती. भारतीय अंतराळवीर आपल्या यानात बसण्यापूर्वी असा अधिकार कोणाकडे आहे आणि त्याने कोणकोणत्या शंका कशाच्या आधारे निकाली काढल्या, हे इस्रोने सविस्तर प्रसिद्ध करावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.