शिध्यातलं पाणी

माणसं चार, दिवस चार आणि शिधा १७ किलो. ठाण्यात नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये फरशीवर मांडलेला तो ढीग बघून त्या घरातल्या आजींनी विचारलं, "वऱ्हाड जेवू घालायचंय का रे?" प्रश्न अगदी रास्त होता.

ट्रेकची वाट अशी ठरली होती: बेलपाड्याहून साधले घाटाने हरिश्चंद्रगड, खाली पाचनई, तिथून कुमशेत, कात्राबाईची खिंड, रतनगड, मग साम्रदहून करोली घाटाने डेहण्यात. मुरबाड तालुक्यातून चढायचं, शहापूर तालुक्यात उतरायचं. टोकं दोन्ही ठाणे जिल्ह्यातली, मधला सगळा भाग अकोले तालुक्यातला. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. थंडी चांगली, पण ओढे आटायला लागलेले. ही शेवटची गोष्ट शिधा भरताना कोणाच्याच डोक्यात नव्हती आणि खरी गोम तिथेच होती.

घरचा वजनकाटा ५ किलोपर्यंतच मोजतो. त्यामुळे एकेक जिन्नस वेगळा तोलावा लागला आणि चोर सापडले. बटाटे ३ किलो, कांदे २, टोमॅटो १, खोक्यातलं दूध २ लिटर, ब्रेडचे दोन पुडे, आणि काचेच्या बरणीतलं लोणचं, ज्यात लोणच्याइतकीच काच. झाले साडेनऊ किलो. बटाट्यात पाचातले चार भाग पाणी असतं. कांद्यात त्याहून थोडं जास्त. टोमॅटोत शंभरात ९४. म्हणजे हरिश्चंद्रगडावर, जिथे देवळामागे कातळात पाण्याची टाकी आहेत, तिथे आम्ही ठाण्याहून पाणी वाहून नेणार होतो, भाजीच्या वेषात.

सगळं बाहेर काढलं आणि त्याच्या जागी जेमतेम ७०० ग्रॅम सामान आलं. वाळवलेला कांदा १५० ग्रॅम, दुधाची पावडर पाव किलो, टोमॅटोच्या आंबटपणासाठी मूठभर आमसुलं आणि पाव किलो सुकट. काटा ८ किलो २०० ग्रॅमवर आला. माणशी दोन किलोंच्या आसपास. पहिल्या दिवसाचा नाश्ता आणि शेवटच्या दिवसाचं रात्रीचं जेवण घरीच होतं, म्हणून हिशेब साडेतीन दिवसांचा धरला तर दर दिवसाला माणशी सुमारे ६०० ग्रॅम. चढउताराच्या दिवसाला एवढं पुरतं, पण त्यात तूप, तीळ, शेंगदाणे हवेतच. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममागे ९ कॅलरी मिळतात, पीठ-साखर-डाळीच्या एका ग्रॅममागे ४. तुपाला नाक मुरडून नुसते पोहे-कुरमुरे भरणारा माणूस दुप्पट ओझं वाहतो आणि तिसऱ्या दिवशी भुकेने चिडचिड करतो.

आकारमानही बघावं लागतं. कुरमुरे, चिवडा, शेवयांचे ते 'दोन मिनिटांत' होणारे पुडे हे वजनाला हलके, पण अर्धी सॅक खातात. बारीक शेव त्या मानाने गुणी: तळलेली, घट्ट बसणारी आणि चुरा झाली तरी शेवच राहणारी. खाकऱ्याचं तसं नाही.

सुकट घ्यायला चेंदणी कोळीवाडा गाठला. चटणीसाठी ही सुकट, म्हणजे वाळवलेला जवळा, तव्यावर मंद आचेवर कोरडाच भाजायचा, हाताने चुरला की कुर्रकन मोडला पाहिजे. मग चाळणीतून काढायचा, कारण तळाला वाळू आणि मिशा हमखास उरतात, आणि गडावर दाताखाली आलेली वाळू चार दिवस आठवत राहते. लसूण कच्चा घातला तर त्याच्या ओलाव्याने चटणी दुसऱ्या दिवशी वास मारू लागते. लसूण चकचकीत तांबूस होईपर्यंत तळून, तेल निथळून, मगच तिखट-मिठाबरोबर कुटायचा. वाळलेल्या जवळ्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात, इतक्या हलक्या वजनात इतका कस दुसऱ्या कशात नाही. वासाचं म्हणाल तर दोन झिपच्या पिशव्या एकात एक. तरीही सॅकला वास येतोच. शाकाहारी मंडळींना आधी सांगून ठेवावं. आम्ही सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

बाकी खरेदी जांभळी नाक्यावर. संध्याकाळी सहानंतर तिथे जाऊ नये, हा माझा आग्रह आहे. पिशवी पुढे, आपण मागे आणि दोघांच्या मध्ये कोणाची तरी स्कूटर. वाशीच्या घाऊक बाजारात सुकामेवा स्वस्त पडतो हे खरं, पण चौघांसाठी चारशे ग्रॅम खारीक मागितली की दुकानदाराच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते वाचता येतं.

रात्रीच्या जेवणाचा कणा होता खिचडीचा भरडा. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, दोन्ही वेगवेगळी खमंग भाजायची, पूर्ण गार करायची आणि मिक्सरमधून लापशीच्या रव्याएवढी भरड काढायची. गरम असताना फिरवलं की वाफ धरते, गुठळ्या होतात. बारीक दळलं की पातेल्यात खळ तयार होते आणि तळाला धरते. हळद, हिंग, जिरं, मीठ आणि वाळलेला कांदा भरड्यातच मिसळायचा, तूप मात्र वेगळं. माणशी १२० ग्रॅम भरडा आणि त्याच्या चौपट पाणी, म्हणजे चौघांना साधारण २ लिटर. उकळी आल्यावर दहा मिनिटं ढवळत शिजवायचा, मग झाकण घालून पातेलं स्वेटरमध्ये गुंडाळून आणखी दहा मिनिटं ठेवायचं. राहिलेलं काम ऊब करते, गॅस वाचतो. अख्खी तूरडाळ नेण्याच्या फंदात पडू नये. कुकरशिवाय ती १४०० मीटरवर, जिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, बोटचेपी होईपर्यंत अर्धा डबा गॅस संपतो.

चूल पेटवणार म्हणाल तर हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तिथे लाकडं गोळा करून आग करायची नाही. स्टोव्हच. २३० ग्रॅमचा डबा वारा नसेल तर १८ ते २० लिटर पाणी उकळतो. गुहेच्या तोंडाशी वाऱ्यात ठेवला तर त्याच्या निम्मं. आणि असा डबा लोकलमधून नेता येत नाही, त्यामुळे ठाण्याहून बेलपाड्यापर्यंत गाडी करावी लागली. सगळ्या ट्रेकमध्ये महाग पडलेली गोष्ट हीच.

सकाळी उपमा. रवा घरीच तुपावर भाजून, फोडणी घालून, कढीपत्ता कुरकुरीत करून नेलेला: माणशी ८० ग्रॅम रवा, चौघांना १ लिटर पाणी. चहासाठी दुधाची पावडर थेट उकळत्या पाण्यात टाकू नये, पिठाच्या गोळ्या होतात. आधी दोन चमचे गार पाण्यात कालवून घ्यावी.

साधले घाट तीन तासांत झाला. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की अर्ध्या वाटेत माझ्या सॅकच्या तळाशी काहीतरी ओलसर लागलं. काचेची बरणी घरी ठेवली, तरी त्यातलं लोणचं प्लास्टिकच्या बाटलीत भरून घेतलंच होतं, हुशारी म्हणून. ऊन लागलं, तेल पातळ झालं, सॅक दबली आणि आट्यांतून तेल झिरपून पातळ पोह्यांच्या पिशवीत गेलं. पातळ पोहे म्हणजे टीपकागदच. अर्धा किलो पोह्यांनी मोहरीच्या खाराचं तेल असं प्यायलं की पुढे दोन दिवस दडपे पोहे न कालवताच तयार होते. लोणचं न्यायचंच असेल तर फोडी चाळणीवर रात्रभर निथळून घ्याव्यात. खरं तर नेऊच नये, कारळ्याची किंवा जवसाची कोरडी चटणी तेच काम करते. तुपालाही हाच नियम: रुंद तोंडाची फिरकीची डबी, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, आणि डबी सॅकमध्ये उभी.

हरिश्चंद्रगडावर शनिवारची रात्र होती. गोखले रोडवर गुढीपाडव्याला असते तेवढी गर्दी, वर स्पीकर. कोकणकडा पाहिला, झोप झाली नाही.

पाचनईत एका घरी पाणी मागितलं तर बसायला घोंगडी आली आणि पाठोपाठ पिठलं, नाचणीची भाकरी आणि ठेचलेली मिरची. "दादा, डोंगरात चाललाय, मग उपाशी कशाला?" कुमशेतलाही तेच. म्हणजे दुसऱ्या रात्रीचा भरडा, तूप, चटणी धरून सहाशेवर ग्रॅम, उगाच वाहिला. आपण पैसे देतो तो भाग वेगळा, पण गावातून जाणाऱ्या वाटेवर शिधा मोजताना गाव वजा करावं, हे कोणी सांगत नाही.

आणि मग कात्राबाई. कुमशेत सोडल्यावर खिंडीपर्यंत आणि पुढे रतनगडाच्या माथ्यापर्यंत वाटेत भरवशाचं पाणी नव्हतं. दोन ओढ्यांत नुसते गोटे. तिथे उमगलं की हलका शिधा आणि कोरडा शिधा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुपारी सातूचं पीठ काढलं: माणशी ६० ग्रॅम, गूळ घालून पातळ करायचं तर माणशी ३०० मिलिलिटर पाणी. चौघांचं मिळून सव्वा लिटरच्या आसपास, म्हणजे सव्वा किलो, आणि तेही ज्या दिवशी प्रत्येकाजवळ तीनच लिटर आहे त्या दिवशी. फुटाणे खाल्ले तर घसा कोरडा. पोहे भिजवायला पुन्हा पाणी. जिभेला ओल नाही आणि बाटली रिकामी करणारं खाणं मात्र पिशवीभर, अशी ती दुपार होती.

त्या दुपारी कामाला आल्या संक्रांतीच्या गुळपोळ्या. गूळ-तीळ आणि तुपात भाजलेलं बेसन. आतल्या गुळात पाणी फार नसतं, बाहेरची पोळी खरपूस, त्यामुळे आठ-दहा दिवस टिकते. तरी ती घशाखाली उतरते, फुटाण्यासारखी पाणी मागत नाही. माणशी दोन पुरतात, १२० ग्रॅम. सारण खडबडीत राहिलं तर पोळी सॅकमध्ये फुटते, म्हणून गूळ किसून चाळलेला हवा. दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर, वर सुती फडकं, आणि पोळ्यांचा गठ्ठा पाठीच्या बाजूला सपाट. स्टीलच्या डब्याचं वजन पोळ्यांएवढंच होतं, तो ठाण्यातच ठेवला होता. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्याही चालतात, पण पहिले दोन दिवसच. तिसऱ्या दिवशी त्यांना आंबूस वास येतो.

आता मी शिधा वजनाने नाही, मुक्कामाने लावतो. पाण्याशेजारी रात्र असेल तिथे भरडा, उपमा, सातू. बिनपाण्याच्या चालीला गुळपोळी, खजूर, शेव, तिखटमिठाच्या पुऱ्या. आणि प्रत्येक दिवसाची पिशवी वेगळी, वर मार्करने वार लिहिलेला, नाहीतर तिसऱ्या दिवसाची चिक्की पहिल्या संध्याकाळीच संपते. आमची तशीच संपली.

रतनगडावर टाक्याला पाणी होतं. नेढ्यात, म्हणजे कातळाला पडलेल्या आरपार भोकात, वारा इतका की चहा कपातून उडत होता. साम्रद, करोली घाट, डेहणे हे एका दमात.

डेहण्याहून गाडीने ठाण्याला रात्री नऊला पोचलो आणि उरलेलं पुन्हा त्याच काट्यावर ठेवलं. कुमशेतचा न वापरलेला भरडा ४८० ग्रॅम, फुटाणे ३१० ग्रॅम, दुधाची पावडर ४० ग्रॅम, गॅसचा एक पूर्ण भरलेला डबा. सुकटीची पिशवी रिकामी होती. शाकाहारी मंडळींनी कधी संपवली, ते मी विचारलं नाही.