शांता बर्वे

परवा दुपारी फडके रोडवर एका मिठाईच्या दुकानाच्या पाटीतला 'ठ' वायरला लोंबकळत होता. बाकी सगळं जागच्या जागी, फक्त 'ठ' सुटलेला. मी विचारबिचार काही केला नाही, सरळ फुटपाथ सोडून रिक्षांच्या गर्दीत उतरले. एका रिक्षावाल्याने माझ्या घराण्याबद्दल काहीतरी म्हटलं, त्यात त्याची काही चूक नव्हती. मैत्रीण मागे राहिली होती, ती धावत आली.

"अगं, काय झालं?"

"सांता बार्बरा," मी म्हणाले.

ती भर रस्त्यात उभी राहून हसायला लागली. "मेरी!"

ज्यांच्या घरी 1992च्या सुमाराला केबल आली, त्यांना आणखी काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की ही एक अमेरिकन टीव्ही मालिका. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा गावी कॅपवेल नावाचं गडगंज घराणं, त्यांचं हॉटेल, आणि हॉटेलच्या गच्चीवर त्यांच्या नावाची भलीमोठी अक्षरं. 1986 साली त्यातलं 'सी' अंगावर पडून मेरी मेली. बिचारी आधी नन होती. थोरल्या घरच्या मेसनचा तिच्यावर जीव होता, आता हिचे चार दिवस सुखाचे जातील असं वाटत होतं, तेवढ्यात हे. अमेरिकेतले जुने प्रेक्षक अजून त्या 'सी'वर दात खाऊन आहेत. बाकीच्या भानगडी ते कौतुकाने सांगतात, ही मात्र घरातल्या अपघातासारखी.

आपल्याकडे असं व्हायचं नाही, असं मला पुष्कळ दिवस वाटे. आपली अक्षरं एका रेघेला धरून असतात, एकटंदुकटं पडेल कसं? पडलाच तर 'कॅ'वरचा चंद्र पडेल, त्याने फार तर टेंगूळ येईल. पण मराठी पाट्यांची सक्ती झाली आणि दुकानादुकानांवर प्लास्टिकची सुटी अक्षरं चढली, प्रत्येकाच्या डोक्यावर रेघेचा आपापला तुकडा. (सक्तीला माझा विरोध नाही. स्क्रू नीट पिळा, इतकंच.)

आजीला 'सांता बार्बरा' हे नाव शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. "शांता बर्वे लागली का गं?" असं ती विचारायची. केबलवाल्या पोराने आमच्या गच्चीवरून समोरच्या गच्चीवर वायर टाकली होती, कावळे त्या वायरवर बसत, आणि चित्र हललं की आजी कावळ्यांना शिव्या द्यायची. हातात कापूस, मांडीवर वाती, समोर कॅपवेल. इंग्रजीतलं तिला 'नो' आणि 'माय गॉड' एवढं कळे. खरं म्हणजे त्या मालिकेला तेवढं पुरतं.

माणसांची नावं तिने आपल्या सोयीने लावून घेतली होती. सीसी कॅपवेल म्हणजे सावकार. क्रूझ पोलिसात होता, म्हणून फौजदार. फौजदाराचं आणि सावकाराच्या लेकीचं, ईडनचं, जमतंय-मोडतंय हे आजीला फार आवडे. "सावकार कशाला देतोय पोरगी," म्हणायची आणि डोळे पुसायची. मेसनचं नाव बाबांनी लावलं. ते एकदा चहा पिता पिता म्हणाले, "मेसन म्हणजे गवंडी." झालं! लाखोंची इस्टेट असलेला, वकिली शिकलेला, कडवट विनोद करणारा तो देखणा माणूस आमच्या घरात कायमचा गवंडी झाला. बाबा कामावरून आले की बूट काढता काढता विचारायचे, "काय म्हणतो गवंडी?" आजी म्हणायची, "पितोय."

मध्येच गवंड्याचा चेहरा बदलला. लेन डेव्हिसने मालिका सोडली होती आणि दुसराच नट उभा होता, पण हे आम्हाला कोण सांगणार? आजीने दोन दिवस निरखून पाहिलं आणि निकाल दिला, "आजारातून उठलाय. तोंड बघ कसं झालंय." मला हे स्पष्टीकरण अजूनही उत्तम वाटतं. पुढे कधीतरी कळलं की 1990 साली लहानपणीचा मेसन दाखवला तेव्हा तो लिओनार्दो डिकॅप्रिओ होता. आजी असती तर तिला सांगितलं असतं, तुझ्या गवंड्याचा मुलगा नाव काढून राहिला. केली नावाची एक सोनेरी केसांची मुलगी होती, ती रॉबिन राइट. आजी तिला कपाळकरंटी म्हणायची.

आजी बघायची, आणि मग सांगायची. ही सांगण्याची तिची तऱ्हा निराळी होती. पाणी भरायला येणाऱ्या बायकांना, भाजीवालीला, आईला पोळ्या लाटताना. तिच्या सांगण्यात सावकाराच्या घरी मंगळागौर नव्हती एवढंच, बाकी सगळं होतं. सासूचा छळ तिने पदरचा घातला असणार, कारण मला पडद्यावर तो कधी दिसला नाही.

आजीला टक्कर होती ती फक्त समोरच्या काकूंची. काकूंची वहिनी न्यू जर्सीला. भाऊ दिवसभर कामावर, वहिनी बाळाला घेऊन एकटी, गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ. तिने मालिका बघून इंग्रजी शिकून घेतलं आणि निळ्या एअरोग्रामवर बारीक अक्षरात पुढचं सगळं काकूंना कळवलं. तिकडे मालिका 30 जुलै 1984 पासून चाललेली, म्हणजे आपल्याकडे 'हम लोग' सुरू झालं त्याच महिन्यातली. आमच्या जन्मात जे यायचं होतं ते वहिनीच्या भूतकाळात जमा. काकू पत्र घेऊन पॅसेजमध्ये येत, आधी भावाची खुशाली वाचत, मग चष्मा पुसत आणि मग, "ऐका."

वहिनी आता पंचाहत्तरीची आहे. दोन वर्षांपूर्वी येऊन गेली तेव्हा तिच्याकडून तिच्या तिथल्या घरमालकिणीची गोष्ट ऐकली. ती बाई 'गायडिंग लाइट' या मालिकेची भक्त. ती मालिका 1937 साली रेडिओवर सुरू झाली, 1952 साली टीव्हीवर आली आणि 2009 साली संपली. बहात्तर वर्षं! आपल्याकडे तेवढ्यात दोन पिढ्या वाटणीचे दावे लढतात. मधल्या जाहिराती साबणाच्या, म्हणून या मालिकांना 'सोप', म्हणजे साबणाचंच नाव पडलं. ती बाई मालिका चालू असताना फोन उचलत नसे, दार उघडत नसे. म्हणायची, केनेडींना गोळी लागली ते मला 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' ही दुसरी मालिका बघताना कळलं. 22 नोव्हेंबर 1963 ची दुपार. मालिकेतली नॅन्सी आजोबांशी घरगुती काहीतरी बोलत होती, मध्येच पडदा बदलला आणि बातम्या देणाऱ्या वॉल्टर क्रॉन्काइटचा नुसता आवाज आला. कधी नव्हे ते तिने टीव्ही बंद केला, पण इस्त्री तशीच चालू राहिली आणि टेबलक्लॉथ जळला. वहिनीने तो डाग पाहिला होता.

तर ते 'सी'. परवा मैत्रीण आणि मी चहाला बसलो आणि भांडलो. ती म्हणे, मेरी रस्त्यावरून जात होती आणि वरून 'सी' आला. मी म्हणे, ती हॉटेलच्या दारात उभी होती. शेवटी मोबाईलवर शोधलं. मेरी गच्चीवरच होती. अक्षराच्या शेजारी! म्हणजे दोघींपैकी कुणीही तो भाग पाहिलेला नाही. माझ्या डोक्यातलं ते सबंध दृश्य, तो पडणारा 'सी', ती किंकाळी, हे काकूंनी पॅसेजमध्ये वाचून दाखवलेल्या दोन ओळींतून आलेलं आहे. एका एअरोग्रामच्या भीतीने मी तीस वर्षं फुटपाथ सोडते आहे. मैत्रिणीला हे कुणी सांगितलं असेल? "तूच," ती म्हणाली. "पाचवीत, डबा खाताना."

मग तसंच पुढे वाचत गेलो. मालिका कशी संपली हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. शेवटचा भाग झाला, सगळे गोड हसले आणि निर्माता पॉल राउच स्वतः कॅमेऱ्यासमोर आला, सिगार जमिनीवर टाकला, बुटाने चिरडला आणि निघून गेला. वा! मैत्रिणीला हे फार आवडलं. मी तारखेपाशी अडले. 15 जानेवारी 1993.

त्या आठवड्यात मुंबई दंगलींनी पेटली होती. बाबा दोन रात्री ऑफिसातच राहिले. खालच्या मजल्यावर फोन होता, तो वाजला की सगळी बिल्डिंग जिन्यात यायची. आमच्या टीव्हीवर अमेरिकेच्या कितीतरी मागचे भाग चालूच होते, आजीने आवाज बंद करून ते लावून ठेवले होते आणि ती बघत नव्हती. वाती मात्र वळत होती. इतक्या, की पुढचं वर्षभर पुरल्या. मी विचारलं, काय झालं गं आज, तर म्हणाली, "काही नाही. फौजदार अजून आला नाही."

बाबा तिसऱ्या दिवशी आले. दाढी वाढलेली, शर्ट तोच, हातातली डब्याची पिशवी नाही. ती कुठे गेली हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही नाही. आई पाणी घेऊन उभी राहिली. ते दारातच बसले, बूट काढायला लागले, एक नाडी सुटेना. ती तशीच धरून म्हणाले,

"काय म्हणतो गवंडी?"

आजीने वर पाहिलं नाही. "पितोय मेला," ती म्हणाली, आणि वातींचं ताट बाजूला सारून उठली.